ओवा आणि शून्य

समुपदेशक ताईंनी आम्हा मायलेकींना एकाच प्रश्नावलीच्या दोन प्रती दिल्या; दोघींनीही भरायचं ते लेकीबद्दलच. ‘स्केअर्ड’ नावाची, ४१ वाक्यांची. प्रत्येकापुढे ०, १ किंवा २. बेरीज २५ किंवा जास्त आली तर चिंतेचा विकार आहे का, हे नीट तपासायचं. मी पाच मिनिटांत मोकळी झाले. लेक (वय १०) मात्र परीक्षेत शेजारणीपासून लपवावा तसा हाताने कागद झाकून, पेन्सिल चावत बसली.

माझी बेरीज ११. तिची २९.

‘शाळेत पोट दुखतं’ यापुढे माझं शून्य, तिचे दोन. मी म्हटलं, “अगं, मग कधी बोलली का नाहीस?”

“तू लगेच ओवा देतेस.”

खरंय. वर ‘डबा संपवला नाहीस ना, मग दुखणारच’ हेही ऐकवते.

ताईंना काही नवल वाटलं नाही. मानसशास्त्रज्ञ थॉमस आकेनबाक आणि सहकाऱ्यांनी १९८७ साली ११९ अभ्यास एकत्र करून पाहिले होते. मुलं स्वतःबद्दल सांगतात ते आणि इतर त्यांच्याबद्दल सांगतात ते, यांतला सहसंबंध (पूर्ण जुळलं तर १) सरासरी ०.२२, म्हणजे जेमतेमच. आई-बाबांसारख्या, एकाच नात्यातल्या दोघांचा ०.६०. म्हणजे आम्ही नवरा-बायको एकमताने चुकू शकतो! (इतर बाबतींत एकमत होत नाही, ते सोडा.)

एका ठिकाणी उलटं निघालं. एकटं झोपायची भीती: माझे दोन, तिचं शून्य.

“मला नाही वाटत भीती. तूच रात्री उशी घेऊन येतेस.”