दोन बँड, एक गिटार आणि चौदा आठवडे

मागच्या नोंदीच्या शेवटी एक वाद अर्धवट राहिला होता. दर शनिवारी आमच्याकडे वाजवायला जमणाऱ्या चौघांपैकी दोघांचे म्हणणे असे की, पन्नाशीला टेकलेल्या रॉक बँडने आपला बाज सोडू नये, कारण लोक त्या बाजासाठीच तिकीट काढतात. उरलेल्या दोघांचे, आणि त्यांत मीही होतो, म्हणणे असे की, तोच आवाज चाळीस वर्षे काढत राहणे म्हणजे शिळ्या कढीला ऊत आणणे होय. चहाची तिसरी फेरी झाली तरी कोणी मागे हटेना, तेव्हा हा प्रश्न वाजवून तपासावा असे मी सुचवले आणि काम अर्थातच माझ्याच गळ्यात पडले. एका बाजूला एसी-डीसी, म्हणजे १९७३ मध्ये सिडनीत सुरू झालेला आणि कधीच न बदलण्याबद्दल प्रसिद्ध असलेला बँड. दुसऱ्या बाजूला यू-टू, म्हणजे १९७६ मध्ये डब्लिनच्या एका शाळेतल्या मुलांनी काढलेला आणि मधूनमधून कात टाकणारा बँड. रोज पाऊण तास सराव, मेट्रोनोम (ठरलेल्या गतीचा ठेका देणारे यंत्र) चालू, फोनवर रेकॉर्डिंग आणि रविवारी सगळे सलग ऐकणे, असा नेम होता. चौदा आठवड्यांत तो मी अकरा आठवडे पाळला.

आठवडे १ ते ५

सुरुवात एसी-डीसीच्या ‘बॅक इन ब्लॅक’ या अल्बमच्या शीर्षकगीताने केली. त्यातला मुख्य रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा गिटारचा छोटा तुकडा, ई, डी आणि ए या तीन कॉर्डभोवती (एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या जुडग्यांभोवती) फिरतो आणि गिटार शिकणारा कोणीही तो पहिल्या सहा महिन्यांत वाजवू लागतो. मीही कॉलेजात असताना तो वाजवत होतो, किंवा वाजवतो आहे असे समजत होतो. या वेळी अ‍ॅम्पचा गेन, म्हणजे आवाज किती फाटावा हे ठरवणारा नॉब, सातवरून तीनवर आणला, कारण हा आवाज जितका फाटका वाटतो तितका तो नाही, हे मूळ ध्वनिमुद्रण लक्ष देऊन ऐकल्यावर समजते. गेन उतरताच माझे पितळ उघडे पडले. जास्त गेनच्या गोंगाटात जे झाकले जात होते, ते सगळे ऐकू येऊ लागले: डी कॉर्डवर पिक (तार छेडायची छोटी चकती) वेळेआधी पडत होते, ए कॉर्डच्या वेळी खालची ई तार गुणगुणत राहत होती आणि मुख्य म्हणजे पहिल्या ई कॉर्डनंतरची शांतता कधीच पूर्ण होत नव्हती.

या शांततेवरच माझे जवळजवळ दोन आठवडे गेले. कॉर्ड वाजवणे सोपे आहे, पण ठरलेल्या क्षणी ती बंद करणे अवघड आहे. डाव्या हाताची बोटे तारांवरून न उचलता फक्त सैल करायची आणि त्याच क्षणी उजव्या तळहाताची कड ब्रिजजवळ, म्हणजे तारा गिटारच्या अंगावर टेकतात तिथे, टेकवायची. दोन्ही हातांत किंचितही मागेपुढे झाले की ‘टक्’ असा एक आगंतुक आवाज येतो. पहिल्या रविवारी वीस प्रयत्न ऐकले, त्यांत हा आवाज नसलेला प्रयत्न एकही नव्हता. ड्रमचा हाय-हॅट (झांजांची जोडी) त्या मोकळ्या जागेत एकटाच चालत राहतो आणि रिफचा सगळा डौल तिथेच असतो. ती जागा मी भरून टाकत होतो.

एसी-डीसीचे ताल धरणारे गिटारवादक मॅल्कम यंग यांच्या १९६३ च्या ग्रेच जेट फायरबर्ड या गिटारबद्दल जाणकारांना सांगायला नकोच. तिचा गळ्याकडचा पिकअप (तारांचा आवाज टिपणारा भाग) त्यांनी काढूनच टाकला होता, तिच्यावर १२ पासून सुरू होणारा (सर्वांत बारीक तार इंचाच्या बारा हजारांश जाडीची) जाड तारांचा संच ते लावत आणि बँडचे दुसरे गिटारवादक असलेले धाकटे भाऊ अँगस मंचभर धावत असताना स्वतः मागे अ‍ॅम्पजवळ उभे राहून ताल धरत. मीही हौसेने नऊच्या जागी अकराचा संच लावला. तारांचा ताण वाढल्यामुळे मान पुढे झुकली, ती सरळ करायला ट्रस रॉड (मानेतली धातूची कांब) पाव फेरा फिरवणे पुरेसे होते, पण घाईत मी अर्धा फेरा फिरवला आणि पहिल्या तीन फ्रेटवर (मानेवरच्या आडव्या पट्ट्यांवर) प्रत्येक सूर खरखरू लागला. दुरुस्ती करणाऱ्या गृहस्थांनी एकही शब्द न बोलता ती दहा मिनिटांत जागेवर आणली. त्यांनी चार शब्द सुनावले असते तर बरे वाटले असते.

आवाजाच्या मागे लागलेल्यांसाठी जाता जाता एवढेच नोंदवतो की, अँगस यंग यांच्या त्या काळातल्या आवाजात शॅफर-व्हेगा या बिनतारी यंत्राचाही वाटा होता आणि त्याच्या प्रतिकृती आज विकत मिळतात. मी घेतलेली नाही, कारण माझे दुखणे उपकरणाचे नसून मनगटाचे आहे.

न बदलणारा बँड

सरावाबरोबर एसी-डीसीचे सगळे अल्बम क्रमाने ऐकत होतो आणि माझे पहिले मत तिथेच डळमळले. गायक बॉन स्कॉट १९ फेब्रुवारी १९८० रोजी गेले. त्यानंतर जेमतेम पाच महिन्यांनी, जुलैमध्ये, ब्रायन जॉन्सन यांना घेऊन बँडने ‘बॅक इन ब्लॅक’ बाजारात आणला. रॉक बँडसाठी गायक बदलणे यापेक्षा मोठा बदल नसतो, तरीही ऐकणाऱ्याला बँड तोच वाटला. याउलट १९८३ मध्ये ड्रमर फिल रड बाहेर पडले आणि १९८५ च्या ‘फ्लाय ऑन द वॉल’मध्ये गायक तेच, दोन्ही गिटारवादक तेच, कॉर्डही त्याच वळणाच्या असूनही काहीतरी हरवल्यासारखे वाटते. त्या अल्बममधली दोन गाणी मी सोबत वाजवून पाहिली. ड्रमवर त्या दशकाच्या पद्धतीचा भरघोस प्रतिध्वनी आहे, गायकाचा आवाज त्याखाली दबला आहे आणि माझ्या गिटारला थांबायला जागाच सापडत नव्हती. ज्या शांततेसाठी मी दोन आठवडे घाम गाळला, ती तिथे प्रतिध्वनीने भरून गेली होती.

रड १९९४ मध्ये परतले आणि पुढच्या वर्षीच्या अल्बममध्ये ती जागा पुन्हा मोकळी झाली. तेव्हा हा बँड बदललाच नाही, हे म्हणणे खरे नाही. तो बदलला, त्या बदलाने त्याचे नुकसान झाले आणि तो परत फिरला. २०२० चा ‘पॉवर अप’ तर मॅल्कम यांच्या निधनानंतर तीन वर्षांनी आला, पण त्यातल्या प्रत्येक गाण्यावर मॅल्कम आणि अँगस अशी दोन्ही भावांची नावे आहेत, कारण ती मॅल्कम असताना जमवून ठेवलेल्या कल्पनांवर उभी आहेत. मॅल्कम यांच्या जागी पुतण्या स्टीव्ही यंग वाजवतात. घराण्याची गायकी म्हणतात तसा हा प्रकार आहे. फक्त इथे तालीम उजव्या मनगटाची आहे.

आठवडे ६ ते १०

यू-टूचे गिटारवादक द एज यांच्या वादनाकडे वळलो तेव्हा आता थोडी विश्रांती मिळेल असे वाटले होते, कारण त्यांचे सूर मोजके असतात. त्यांचा सगळा खेळ डिलेचा, म्हणजे वाजवलेला सूर थोड्या वेळाने पुन्हा ऐकवणाऱ्या यंत्राचा आहे, आणि सुरुवातीच्या अल्बममधल्या मेमरी मॅन या पेडलपासून (पायाजवळ ठेवायच्या यंत्रापासून) तो चालत आला आहे. डिलेचा काळ एका मात्रेएवढा न ठेवता पाऊण मात्रेएवढा ठेवतात. १२० च्या गतीला एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची, म्हणजे पाऊण मात्रा ३७५ ची. वाजवणारा मात्रेला दोन सूर वाजवतो आणि प्रत्येक सुराचा पडसाद दोन सुरांच्या बरोबर मधल्या फटीत पडतो. त्यामुळे ऐकणाऱ्याला मात्रेला चार सूर ऐकू येतात. पडसाद जवळजवळ मूळ सुराएवढाच मोठा ठेवला तरच ही जादू होते.

माझ्या पेडलवर आकडा दिसत नाही, नुसता नॉब आहे, म्हणून काळ कानानेच जमवावा लागला. तीन दिवस सगळे लंगडत होते. शेवटी खालच्या मजल्यावर राहणारे आमचे तबलावाले काका वर आले, पाच मिनिटे ऐकून त्यांनी टेबलावर बोटांनी मात्रा धरली आणि म्हणाले, “तुमचं यंत्र बरोबर आहे, तुम्हीच त्याच्या मागे धावताय. तुम्ही तुमची लय धरा, ते येईल.” हे अगदी खरे होते. पडसाद ऐकून त्याच्याशी जुळवायला गेलो की हात ढिला पडे. पडसादाकडे दुर्लक्ष करून मेट्रोनोमवर कान ठेवला की तो आपोआप फटीत बसे. मॅल्कम यांच्या रिफने जे शिकवले, तेच इथे दुसऱ्या दाराने आले.

आणखी एक बारीक गोष्ट म्हणजे द एज पिक उलटे धरतात. बोटांची पकड बसावी म्हणून पिकला जो खडबडीत भाग असतो, तो ते तारेवर घासतात, आणि सुरुवातीच्या ‘चर्र’ अशा स्पर्शामुळे प्रत्येक सुराला, म्हणून प्रत्येक पडसादालाही, धार येते. मी साधे नायलॉनचे पिक उलटे धरून पाहिले. फरक पहिल्याच सुरात कळतो.

कात टाकणारा बँड

१९८७ च्या ‘द जोशुआ ट्री’ने जगभर नाव झाल्यावर हा बँड १९९० च्या ऑक्टोबरमध्ये, जर्मनी एक होत असतानाच, बर्लिनच्या हान्सा स्टुडिओत जाऊन बसला. गायक बोनो आणि द एज यांना यंत्रांचे, नाचाचे, खरबरीत आवाज हवे होते. बेसवादक अ‍ॅडम क्लेटन आणि ड्रमर लॅरी मलन यांना त्यात आपली जागा दिसेना, आणि बँड फुटतो की काय अशी वेळ आली. दुसऱ्याच एका गाण्यासाठी कॉर्ड शोधताना ‘वन’ हे गाणे सापडले आणि गाडी रुळावर आली. १९९१ चा ‘आख्टुंग बेबी’ ऐकताना आवाज पार बदललेला वाटतो. मी तो हातावर घेतला तेव्हा निराळेच दिसले. फझ (आवाज फाडणारा परिणाम) वाढवला, ‘वा-वा’ असा आवाज काढणारा फिल्टर लावला, तरी हाताखाली तेच मोजके सूर, तोच मात्रेला दोन सुरांचा ठोका आणि बऱ्याच ठिकाणी तोच डिले होता. १९८७ चे गाणे येत असेल तर १९९१ चे निम्मे आधीच येत असते.

‘पॉप’ या १९९७ च्या अल्बमवर मी फार वेळ घालवला नाही. दौऱ्याच्या तारखा आधीच ठरल्यामुळे तो घाईत पुरा करावा लागला आणि त्यातली काही गाणी बँडने पुढे नव्याने मिसळून काढली. त्याचे अपयश बदलाच्या माथी मारतात, पण मला त्यात घाईचाच दोष जास्त दिसतो.

खरा धक्का २०२३ च्या ‘साँग्ज ऑफ सरेंडर’ने दिला. त्यात बँडने आपलीच चाळीस जुनी गाणी उतरवलेल्या, शांत रूपात पुन्हा वाजवली आहेत. मी बदलाच्या बाजूचा, म्हणून हे मला आवडायला हवे होते. पण अकूस्टिक गिटारवर त्यांतली तीन गाणी बसवल्यावर हाती चार साध्या कॉर्ड उरल्या आणि मी निराश झालो. डिले आणि ड्रम हे त्या गाण्यांचे कपडे आहेत असे मी समजत होतो, ते त्यांचे अंग निघाले. वय झालेल्या माणसाने आपले तरुणपणचे गाणे हळू आवाजात म्हणावे, यात गैर काही नाही, आणि एक-दोन ठिकाणी बोनो यांचा थकलेला आवाज मनाला भिडतो. पण एका बैठकीत चाळीस गाणी ऐकवत नाहीत.

याच्या बरोबर उलट अनुभव मला १५ डिसेंबर २०१९ रोजी नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर आला होता. यू-टूचा तो भारतातला पहिला कार्यक्रम आणि त्या दौऱ्यातला शेवटचा. ‘द जोशुआ ट्री’ हा बत्तीस वर्षांपूर्वीचा अल्बम त्यांनी पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत क्रमाने वाजवला. ए. आर. रहमान त्यांच्या मुलींसह मंचावर आले, तेवढाच काय तो नवा भाग होता. तेव्हा मी घरी येताना ट्रेनमध्ये कुरकुरत होतो की, बदलणाऱ्या बँडनेही शेवटी जुनेच विकायला काढले. आता तो कार्यक्रम आठवताना लक्षात येते की, डिले सुरू झाल्याबरोबर माझ्या अंगावर काटा आला होता आणि कुरकुर नंतर सुचली होती. पुढे २०२३–२४ मध्ये लास व्हेगसच्या स्फिअर या सभागृहात त्यांनी ‘आख्टुंग बेबी’वर बेतलेले चाळीस कार्यक्रम केले, जो अल्बम एके काळी बंड होता, तोही आता ठेवणीतला झाला.

आपल्याकडचे उदाहरण द्यायचे तर मुंबईच्या रॉक मशीन या बँडने १९९३ मध्ये नाव बदलून इंडस क्रीड केले आणि २०१२ मध्ये आणलेल्या अल्बमचे नावच ‘इव्हॉल्व्ह’ ठेवले. त्यांची गाणी मी अजून हातावर घेतलेली नाहीत, त्यामुळे मत देत नाही.

आठवडे ११ ते १४

शनिवारच्या बैठकीत दोन्ही गोष्टी वाजवून दाखवल्या. माझे मत मी बदलले आहे, पण समोरच्या बाजूला जाऊन बसलेलो नाही. बँडने काय बदलावे, यापेक्षा त्याचे हात एकमेकांत वेळेची कोणती जागा सोडतात, हे मला आता आधी ऐकावेसे वाटते. एसी-डीसीत ती जागा रिफच्या शांततेत आहे, यू-टूमध्ये पाऊण मात्रेच्या फटीत. ती शाबूत असताना गायक, पेडल आणि शहर बदलून भागले. ती बुजली तेव्हा, बाकी सगळे तसेच असूनही, भागले नाही. आमचा बेसवादक म्हणाला की, हे मी हरलो हे मान्य न करण्याचे लांबलचक कारण आहे. त्याच्या म्हणण्यात तथ्य असू शकते.

पुढच्या महिन्याची कामे ठरली आहेत: अकराच्या तारांवर मेट्रोनोम ९२ वरून ९६ वर न्यायचा, डिलेचे पेडल आकडा दाखवणारे घ्यायचे आणि तोपर्यंत काकांच्या बोटांवर भागवायचे. काल रात्रीच्या वीस प्रयत्नांत ‘टक्’ नसलेले नऊ निघाले. डी कॉर्ड अजून घाईनेच येते.