दोन फोन कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. एरवी या प्रश्नावर मी तोंडदेखलं हसून पुढे सरकतो. लग्नाची पंगत असो, बेळगावात गोवावेसचा चहा असो नाहीतर केस कापायची खुर्ची, एक फोन ठेवून दुसरा काढला की ठरलेलंच: "दोन फोन कशाला रे तुला? दोन नंबरचा धंदा आहे काय?" मग त्यातला रंग उडालेला फोन हातात घेऊन, उलटसुलट करून, "आणि ह्यो असला डबडा कशाला?"

आजवर माझी दोन उत्तरं होती. एक, "ऑफिसचा आहे." साफ खोटं. दुसरं म्हणजे अर्ध्या तासाचं व्याख्यान. ते संपेपर्यंत विचारणारा स्वतःच्या फोनवर रील बघायला लागलेला असतो. दोन्हीचा आता मलाच कंटाळा आलाय.

ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा कोड कुणालाही वाचता-बदलता येतो ते, त्याचं पुराण सोडून देतो. ते सांगून सांगून मी तुमचे कान किटवलेत. डबडा कुठून आला तेही तुम्हाला माहीत आहे: कंपनीने अपडेट बंद केलेला, कपाटात पडलेला फोन, त्यावरचं अँड्रॉइड काढून मी लिनक्स चढवलं, तेही असंच ओपन सोर्स. पण काही गैरसमज आहेत. मी कुणाला घाबरून हा फोन वापरत नाही. माझं जीमेल आहे, आधार आहे, रेशनकार्ड आहे. माझ्यावर पाळत ठेवून कुणाच्या हाती काही लागायचं नाही. पैसे वाचवायलाही नाही. या नादात केबली, कार्डं आणि बॅटऱ्यांवर जे गेलं त्यात बरा नवा फोन आला असता. आणि "वेगळं दिसायला" म्हणाल, तर हो, सुरुवातीला थोडं तेही होतं.

आमच्या कट्ट्यावरचा एक जण याची सांगड थेट सीमाप्रश्नाशी घालतो. पाटीवर कुठली भाषा लागायची ते जसं दुसराच कुणी ठरवतो, तसं तुमच्या फोनमध्ये काय चालायचं तेही दुसराच ठरवतो, वगैरे. टाळ्या पडतात. मला हे आवडत नाही. 1956 पासूनचं दुखणं, 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात पडून असलेला दावा, त्यात घरंच्या घरं झिजली. ते फोनच्या गप्पांत ओढू नये. शिवाय आमच्यातला सगळ्यात हुशार गडी बैलहोंगलचा कन्नडिग आहे. तो माझ्याशी मराठीत भांडतो आणि चुका दाखवताना कन्नडवर जातो.

कट्टा म्हणजे असल्याच फोनांच्या नादातली, रविवारी जमणारी चार-पाच डोकी. भांडणं मात्र विधानसभेला लाजवतील अशी. लिनक्स फोनच्या पडद्यावर दिसणारा चेहरा फॉशचा बरा की प्लाझ्मा मोबाईलचा, यावर दोघे एकदा महिनाभर बोलत नव्हते. सगळ्यात थोरल्या गृहस्थांकडे अजून नोकियाचा एन900 आहे, 2009 चा, कीबोर्ड बाहेर सरकणारा. तो ते रुमालात गुंडाळून आणतात. 2007 साली ओपनमोकोचा निओ 1973 हा लिनक्सवाला फोन आला तेव्हापासून ते "पुढच्या वर्षी बघा" म्हणतायत. 2014 मध्ये इंटेक्सचा फायरफॉक्स ओएसवाला (मोझिलाच्या ओपन सोर्स प्रणालीचा) फोन 1,999 रुपयांना आला, तेव्हा त्यांनी दोन घेतले. पुढच्याच वर्षी मोझिलाने त्यातून अंग काढून घेतलं. खानापूरचा एक पोरगा पाइनफोन वापरतो, मुद्दाम लिनक्ससाठीच बनवलेला. त्याचं पाठीमागचं झाकण नखाने निघतं आणि आत सहा बारीक स्विचं असतात: मोडेम (मोबाईल नेटवर्कशी जोडणारा भाग), वायफाय, माइक, दोन्ही कॅमेरे, हेडफोन. स्विच पाडलं की तो भाग खरोखरच बंद. त्याला सॅमसंगच्या जे7 ची बॅटरी चालते, म्हणून ती शोधत आम्ही सगळे खडेबाजार पालथा घालत फिरलो होतो. दुकानदाराला वाटलं, आम्ही जुने फोन विकायला आलोय.

मग मी का वापरतो? एक उदाहरण देतो. या फोनवरचा पडद्यावरचा कीबोर्ड, स्क्वीकबोर्ड नावाचा, त्याची अक्षरं एका साध्या मजकुराच्या फाईलमधून वाचतो. कुठल्या ओळीत कुठलं अक्षर, एवढंच तिच्यात असतं. मराठी लिहिताना ळ आणि ऱ साठी दरवेळी दुसऱ्या पानावर जावं लागत होतं. बेळगावात राहून ळ दुसऱ्या पानावर! एका संध्याकाळी फाईल उघडली, क्वचित लागणारा ङ उचलून मागे टाकला, तिथे ळ आणला, शेजारी ऱ बसवला, कीबोर्ड पुन्हा सुरू केला. अंगठा सरळ ळ वर पडला. कुणाला अर्ज नाही, कुणाची विनवणी नाही. त्या दिवशी मी उगाचच "दळण, वळण, वेळूचं बेळगाव, दुसऱ्या, पोऱ्या" असलं काहीबाही टाइप करत बसलो होतो. बायको म्हणाली, जेवायला ये.

एवढ्यावर थांबलो तर गोड गोष्ट होईल. पण तुमचा प्रश्न "हा फोन का" एवढाच नाही, "दोन का" असा आहे. आणि दोन का, याचं उत्तर मी अजून कुणाला नीट दिलेलं नाही.

पूर्वी माझ्याकडे एकच होता, हा. बँकांची ॲपं यावर चालत नाहीत. लिनक्सच्या पोटात अँड्रॉइड चालवणारं वेड्रॉइड आहे. त्यात गाणी वाजतात, पण बँक दारातच अडवते. त्यामुळे भाजीवाली क्यूआर कोड पुढे करायची आणि मी नोटा काढायचो, किंवा बायकोला फोन करून तिच्याकडून पैसे पाठवायला सांगायचो. व्होएलटीई, म्हणजे 4जीवरून कॉल, चालत नव्हतं, कॉल 2जीवरून. म्हणजे जिओचं सिम बादच, कारण त्यांच्याकडे 2जी कधी नव्हतंच. हे सगळं मी मिरवत होतो. कट्ट्यावर सांगायचो की खिशात दुसरा फोन ठेवणं म्हणजे ढोंग. बैलहोंगलच्या मित्राची बहीण आजारी असायची म्हणून तो एक साधा फोन जवळ ठेवायचा; त्याला मी सगळ्यांसमोर ढोंगी म्हटलं होतं. तो काही बोलला नाही. चहाचे पैसे देऊन गेला.

आमचे धाकटे काका जांबोटीच्या पुढे गावात राहायचे. त्यांना मुलगा नाही. लहानपणापासून घरात ठरलेलंच होतं की त्यांचं सगळं मी करायचं, "सगळं" म्हणजे काय ते न बोलता. माझा फोन त्यांनी एकदाच हातात घेतला होता. मी मोठ्या उत्साहाने टर्मिनल, म्हणजे हुकूम टाइप करायची काळी खिडकी, उघडून दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "ह्याला रेंज येती काय?"

आषाढातली रात्र होती. बायको निपाणीला माहेरी गेलेली, मी वडगावात एकटा. मध्यरात्रीनंतर काका गेले. काकूंनी मला फोन लावला, परत लावला, मग भावकीतल्यांनी लावला. कोणी तरी निपाणीला कळवलं, बायकोने लावला. माझा फोन उशाला होता, चार्ज होता, पडद्यावर घड्याळ बरोबर चाललं होतं. वाजला नाही. बायकोने शेवटी माझ्या एका सहकाऱ्याला उठवलं. तो उजाडता उजाडता येऊन दार बडवायला लागला तेव्हा मला कळलं.

गाडी काढली. पिरनवाडी गेली, किणये गेलं, पाऊस असा की पुढचं चाक दिसेना. एका नाल्यावर पाणी रस्त्यावर आलं होतं. अलीकडे दोन ट्रक आणि एक दुधाची गाडी थांबलेली. मीही थांबलो. खिशातला फोन तेव्हा छान रेंज दाखवत होता, आणि एकामागून एक मिस्ड कॉलचे मेसेज यायला लागले. नाल्याच्या काठावर रेनकोटात उभा राहून मी ते वाचले. काकू. काकू. भावकीतला थोरला. बायको. काकू.

पोहोचलो तेव्हा स्मशानाच्या शेडखाली चिता पेटून बराच वेळ झाला होता. अग्नी भावकीतल्या एका पोराने दिला होता. माझ्याहून लहान, काकांशी फारसा बोलतही नसेल. भावकीतले थोरले म्हणाले, "थांबलो असतो की रे, पण वर पाऊस, लाकडं भिजायला लागली, नाल्याचं पाणी चढायलंय म्हणून सांगत आले. फोन लागला नाही तुझा." रागाने म्हणाले नाहीत. काकू काहीच म्हणाल्या नाहीत. रक्षा मी विसर्जित केली, दहावा मी केला. अग्नी राहिला तो राहिला.

आता माझी बाजू ऐका. मोठ्या पावसात बेळगावातले टॉवर जातात. दुकानातले झळझळीत फोनही रात्री बंद पडतात, सायलेंटवर राहतात, बॅटरी वाचवायच्या नादात झोपी जातात. त्या रात्री माझ्या हातात तसला फोन असता आणि तो वाजला नसता, तर सगळे म्हणाले असते "नेटवर्क नव्हतं" आणि विषय संपला असता. हे मी तेव्हाही स्वतःला सांगितलं, अजून सांगतो.

पण माझा फोन सगळं लिहून ठेवतो. काकूंच्या घरून परतल्यावर मी तो लॅपटॉपला जोडला आणि त्या रात्रीची नोंद उघडली. 1 वाजून 52 मिनिटांनी मोडेमचा फर्मवेअर, म्हणजे त्याच्या पोटातला प्रोग्राम, क्रॅश झाल्याची ओळ होती. तो परत उठवायचा प्रयत्न झाला, तो फसल्याची पुढची ओळ. त्यानंतर सकाळी मी बटण दाबेपर्यंत मोडेमचं नावही नाही. बाकी फोन शांतपणे आपली कामं करत होता, वायफाय चालू, घड्याळ चालू. काकूंच्या फोनवर मी आधीच बघून आलो होतो: त्यांचा पहिला कॉल 2 वाजून 10 मिनिटांचा. मधली 18 मिनिटं मी आजपर्यंत कुणाला सांगितलेली नाहीत, बायकोलाही नाही. या फोनचं वैशिष्ट्य म्हणून मी जे जगभर सांगत फिरायचो, की काही बिघडलं तर का बिघडलं ते कळतं, ते मला मिळालं. नको होतं.

(मोडेमचा फर्मवेअर तेवढा ओपन सोर्स नसतो, कंपनीच्या कुलुपातच असतो, हेही इथे सांगायला हवं. म्हणजे ज्या भागाने घात केला तो नेमका आमचा नव्हता. कट्ट्यावर हा मुद्दा पटतो. जांबोटीला सांगायला जाऊ नये.)

आणि काकूंच्या हातातला फोन कुठला, तर बटणांचा जिओफोन. तो कायओएसवर चालतो, आणि कायओएस निघालं फायरफॉक्स ओएसमधून, थोरल्या गृहस्थांनी दोन विकत घेऊन जपलेल्या त्याच फायरफॉक्स ओएसमधून. आम्ही रविवारी बसून ज्याच्या नावाने गळा काढत होतो ते कोट्यवधी हातांत जाऊन मुकाट काम करत होतं. काकूंना त्याचं नाव माहीत नाही, आणि तो रात्रभर चालला.

नंतर मी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. ती दर थोड्या वेळाने मोडेम जागेवर आहे का बघते, नसेल तर मोठ्याने भोंगा वाजवते. बॅटरी खाते, पण काम करते. खानापूरच्या पोराने ती त्याच्या फोनसाठी बदलून घेतली आणि बरी आहे म्हणाला. ती लिहून मला बरं वाटलं, मग बरं वाटल्याची लाज वाटली. आधीचा मी इथे असता तर म्हणाला असता, बघ, हाच फरक आहे, दुसऱ्या फोनात तुला हे करता आलं असतं का? नसतं आलं. बरोबर आहे त्याचं. त्याला दहाव्याच्या दिवशी काकूंसमोर बसवायला हवा होता.

बैलहोंगलचा मित्र दहाव्यानंतर घरी आला. पिशवीत एक वापरलेला साधा अँड्रॉइड फोन, चार्जरसकट. मी ढोंगी म्हटल्याचा विषय काढायला लागलो तर म्हणाला, "इरली, असू दे. ठेव." तोच हा दुसरा फोन. घरच्यांचा, सासरचा, काकूंचा नंबर यात आहे. बँक यातच. डबड्यातलं सिम कट्ट्यावरच्यांना आणि दोन-चार मित्रांना माहीत आहे. मी लिहितो, वाचतो, हिशेब ठेवतो तो डबड्यावर. हे लिखाणही त्याच ळ वर चाललंय.

म्हणजे मी तडजोड केली? केली. आधीच्या माझ्या भाषेत ढोंग. मग डबडा टाकून का देत नाही? याचं उत्तर मी वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळं देतो. कधी वाटतं सवय आहे. कधी वाटतं, टाकून दिला तर त्या रात्रीला काहीच अर्थ उरणार नाही, नुसता एक हट्ट होता एवढंच उरेल. आणि कधी चक्क त्या नोंदीसाठी. ती मी पुसलेली नाही.

मध्ये एकदा बायको बाजारातून तीनदा फोन करत होती, या साध्या फोनवर. वाजला नाही. बघितलं तर काहीच नाही, ना मिस्ड कॉल, ना मेसेज. कुठे शोधायचं तेही कळेना, सेटिंगमध्ये "सर्व ठीक आहे" असा हिरवा गोल. घरी आल्यावर तिने विचारलं, मी म्हटलं, नेटवर्क असेल. तिने मान डोलावली आणि भाज्या निवडायला बसली. तिला ते पटलं. मला नाही पटलं.

तिचं म्हणणं, या दोन्हींतला एक विकून टाक. कोणता, ते ती सांगत नाही.