चित्रकलेच्या तासाला पाहिलेली रात्र

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातील आपल्या शाळेने मला पुष्कळ दिले. परंतु महोत्सवी स्मरणिकेसाठी लिहायला बसल्यावर आमच्या चित्रकलेच्या सरांनी शिकवलेली एकच गोष्ट सविस्तर सांगावी, असे मनात आले. रात्र कशी रंगवावी, ही ती गोष्ट. आज वर्गात बसणाऱ्या मुलामुलींच्याही ती उपयोगी पडेल.

रात्रीचे चित्र काढायचे असले, की सर रंगपेटीतील काळी ट्यूब बाहेर काढू देत नसत. प्रशियन निळ्यात थोडा गडद तपकिरी मिसळला, की काळ्याच्या जवळ जाणारा पण खोली असलेला रंग तयार होतो, आणि त्यात किंचित क्रिमसन म्हणजे गडद लाल घातला, की तो जांभळटाकडे झुकतो, हे ते पांढऱ्या बशीत करून दाखवत. नुसता काळा फासल्यास आकाश सपाट होते, असे त्यांचे म्हणणे होते आणि मला ते आजही पटते.

रंगांच्या आधी मात्र त्यांनी आम्हांला पाहायला शिकवले. एका संध्याकाळी ते वर्गाला सूरसागर तलावाच्या काठावर घेऊन गेले. उजेड कमी होत गेला तशा समोरच्या लाल पाट्या झपाट्याने काळपट पडल्या, निळे आणि हिरवट रंग मात्र बराच वेळ टिकून राहिले. अंधुक उजेडात आपल्या डोळ्यांना लाल रंग मंद आणि निळा त्या मानाने उजळ वाटतो, हे पुर्किंये या शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकातच नोंदवले होते. चांदण्यातली चित्रे बहुधा निळसर का असतात, याचे एक कारण त्यात आहे. दिवे लागल्यावर सरांनी पाण्याकडे बोट दाखवले. काठावरचा दिवा ठिपक्याएवढाच होता, पण पाण्यात त्याचा लांबच लांब, लाटांनी जागोजागी तुटलेला सोनेरी पट्टा आमच्या दिशेने आला होता.

डच चित्रकार व्हॅन गॉगने १८८८ मध्ये फ्रान्समधील आर्ल येथे रोन नदीकाठी रंगवलेल्या तारांकित रात्रीचे छापील चित्र सरांनी पुढच्या तासाला आणले, तेव्हा गॅसच्या दिव्यांचे तसेच पट्टे त्या पाण्यात पाहून सारा वर्ग हरखून गेला. रात्र दिवसापेक्षाही अधिक रंगीत वाटते, असे व्हॅन गॉगने त्याच वर्षी आपल्या बहिणीला पत्रातून कळवले होते.

आपल्याकडील लघुचित्रकारांची रीत निराळी. त्यांच्या चित्रांत रात्र असली तरी माणसे सहसा अंधारात बुडत नाहीत. चेहरे, दागिने, वस्त्रांवरची नक्षी लख्ख दिसते आणि गडद आकाश, चंद्र, मशाल एवढ्या खुणांवरून पाहणाऱ्याने रात्र ओळखायची असते. लहान मुलेही पुष्कळदा असेच रंगवतात, म्हणून सर त्यांच्या अशा चित्रांना कधी चूक म्हणत नसत.

सरांचे सर्वांत आवडते चित्र होते सावंतवाडीच्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचे ‘ग्लो ऑफ होप’. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातले. हातात दिवा घेतलेल्या स्त्रीने ज्योतीसमोर पंजा धरला आहे. ज्योत त्या आड झाली आहे, पण बोटांच्या कडा तांबूस झाल्या आहेत आणि चेहऱ्यावर उजेड पडला आहे. आश्चर्य म्हणजे हे चित्र तैलरंगातले नसून जलरंगातले आहे. जलरंगात उजेड रंगवायचा नसतो, राखायचा असतो, कारण कोरा कागद हाच तिथला उजेड. म्हणून सर आधी पेन्सिलीने दिव्याची जागा आखून घ्यायला लावत, तिच्याभोवती अगदी फिका पिवळा, मग नारिंगी, मग तपकिरी असे थर एकेक सुकू देत बाहेर न्यायला सांगत, आणि सर्वांत गडद रंग शेवटी कोपऱ्यांत भरून घेत. आधीचा थर ओला असतानाच घाईने पुढचा दिला, तर गडद रंग उजेडाच्या जागेत शिरतो आणि तिथून तो काढणे फार कठीण जाते.