एक रकाना भरायला अडीच महिने

बजेटच्या फॉर्मच्या दुसऱ्या पानावर एकच प्रश्न होता: ‘येत्या वर्षी तुमच्या विभागात काय कमी करता येईल?’ सात विभागांना फॉर्म गेले, सातही परत आले, आणि सातही ठिकाणी एकच शब्द, ‘निरंक’. पहिलं पान मात्र मागण्यांनी भरून वाहत होतं.

मी कोल्हापुरातल्या एका ट्रस्टच्या रुग्णालयात हिशेब बघते. आमचं बजेट म्हणजे गेल्या सालच्या आकड्यावर दहा टक्के वाढ. दोन वर्षांपूर्वी विश्वस्तांनी ‘प्रोग्रॅम बजेटिंग अँड मार्जिनल ॲनालिसिस’ करायचं ठरवलं. ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलियातल्या आरोग्यसंस्थांनी ही पद्धत वापरली आहे. एकूण पैसा तेवढाच राहणार असं धरायचं, खर्च कामानुसार मांडायचा (डायलिसिस, बाळंतपण, मधुमेह), आणि कुठून थोडा काढून कुठं घातला तर रुग्णाला जास्त फायदा होईल ते बघायचं. समिती, निकष, गुण हे सगळं पंधरा दिवसांत उरकलं.

अडलं ते त्या रकान्यावर. गणपती गेल्यावर फॉर्म दिले होते. नवरात्र झालं, दिवाळी झाली. मी ऑपरेशन थिएटरबाहेर डॉक्टरांची वाट बघत उभी राहायचे. एका विभागप्रमुखांनी स्पष्ट सुनावलं, “मॅडम, कमी करा म्हणतायसा, पण आमच्याकडं जादा हाय काय?” मला वाटायचं, ही टाळाटाळ आहे. रागानं मी स्मरणपत्रं काढली. त्याचा काडीचा उपयोग झाला नाही. आज कळतं, ती भीती होती. जनआरोग्य योजनेत पॅकेजचे दर ठरलेले, हात आधीच आखडलेला, त्यात आपण सोडलेला पैसा शेजारच्या विभागाला जाणार! कोण लिहील?

नोव्हेंबरात फॉर्म बाजूला ठेवून मी डोळ्यांच्या विभागातल्या इनचार्ज सिस्टरांबरोबर रजिस्टरं घेऊन बसले. मोतीबिंदूच्या प्रत्येक रुग्णाचा ईसीजी आणि रक्ताच्या सगळ्या तपासण्या होत होत्या, त्रास असो वा नसो. २००० साली अमेरिकेत अठरा हजारांवर रुग्णांच्या अभ्यासात दिसलं होतं की अशा सरसकट तपासण्यांनी शस्त्रक्रियेतली गुंतागुंत कमी होत नाही. आमच्या नेत्रतज्ज्ञांनी तो वाचला आणि गरज असेल त्यांच्याच तपासण्या करायचं मान्य केलं. पहिला रकाना भरला. अध्यक्षांनी लगेच ठराव केला: वाचलेल्या रकमेतला निम्मा भाग त्याच विभागाकडे राहील. आठ दिवसांत बाकीचे सहा फॉर्मही भरून आले. त्या दिवशी मी सगळ्यांना चहा पाजला.

म्हणून हा ठराव आधी करा, फॉर्म नंतर वाटा. धर्मादाय रुग्णालयांना बिलांच्या रकमेतून निर्धन रुग्ण निधीसाठी काढावे लागणारे २ टक्के या वाटपात अजिबात धरू नका, तो पैसा कशावर खर्च करायचा ते ठरलेलं आहे. आणि हो, डायलिसिसचा खर्च काढताना पाणी विसरू नका. चार तासांच्या एका डायलिसिसला साधारण १२० लिटर शुद्ध पाणी लागतं. आमच्याकडे ते पाणी आणि आरओची वीज पहिल्या वर्षी इमारतीच्या खर्चात दडून राहिली होती. ज्यांची मागणी नाकारली, त्यांना कारण लेखी द्या आणि फेरविचाराला मुदत द्या. एक्स-रेवाल्यांना आम्ही नुसतं तोंडी सांगितलं, ते अजून मनात धरून आहेत.

वाचलेल्या पैशातून मधुमेही रुग्णांच्या पायांची तपासणी दर शनिवारी सुरू झाली. राधानगरी, गगनबावड्याकडून माणसं येतात. यंदा फॉर्म ऑगस्टमध्येच पाठवलेत, आणि ‘काय कमी करता येईल’ हा प्रश्न पहिल्या पानावर घेतलाय.