आमची वाटचाल : पार्लरमागची खोली आणि तीन दर

आमच्या बोर्डावर मोठ्या अक्षरांत ‘ब्युटी पार्लर’ लिहिलं आहे आणि त्याखाली बारीक अक्षरांत ‘शरीर-प्रतिमा व आत्मसन्मान मार्गदर्शन’. ही खालची ओळ वाचून कोणी आत आलं, असं घाटंजीत क्वचितच घडतं. बाया पार्लर म्हणून येतात, थ्रेडिंगच्या खुर्चीत बोलत्या होतात आणि मग कधीतरी मागच्या खोलीत येऊन बसतात. गावात सगळे आमच्या कामाला ‘क्लास’ म्हणतात. आता आम्हीही तेच म्हणतो.

पार्लर माझ्या मोठ्या जाऊबाईंचं. मी मानसशास्त्रात एम.ए. केलं, समुपदेशनाचा डिप्लोमा केला, नागपुरात काही वर्षं नोकरी केली आणि लग्न होऊन यवतमाळ जिल्ह्यात आले. २०१९ मध्ये आम्ही दोघींनी मागची खोली साफ करून काम सुरू केलं, कारण जाऊबाईंच्या खुर्चीत रोज जे कानावर पडत होतं ते फेशियलनं सुटणारं नव्हतं. “रविवारी पाहुणे येऊन राहिले, तवरिक थोडं गोरं करून द्या.” “बाळंतपणानंतर पोट गेलंच नाही, नवरा म्हणते फोटोत मांगं उभी राह्य.” अकरावी-बारावीच्या पोरी तर मोबाईलमधला फिल्टर लावलेला स्वतःचाच चेहरा पुढे धरायच्या आणि म्हणायच्या, अस्सं करून द्या.

सुरुवातीची फी तासाला ६०० रुपये होती. शहराच्या मानानं ती स्वस्तच. पण निंदणाला जाणाऱ्या बाईची ती काही दिवसांची मजुरी. शिवाय फी हा खर्चाचा एक तुकडा झाला. खेड्यावरून येणाऱ्या बाईची त्या दिवसाची मजुरी पडते, एसटीचं तिकीट लागतं, पोराला सोबत आणलं तर त्याच्या हाती काहीतरी द्यावं लागतं, आणि ‘कशाले गेलती?’ याचं उत्तर घरी तयार ठेवावं लागतं. नुसती फी कमी करून यातलं काहीच हलत नाही.

म्हणून आधी दिवस ठरवला. क्लास बाजाराच्या दिवशी. त्या दिवशी बाया तशाही गावात येतात, वावरात सुट्टी असते, आठवड्याची मजुरी हातात आलेली असते. घरी सांगायला बाजार आहे, नाहीतर पार्लर आहे. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, त्याचा आम्हाला कुठल्याही सवलतीपेक्षा जास्त उपयोग झाला. २०२४ च्या पावसाळ्यात लाडक्या बहिणीचे १५०० रुपये खात्यात यायला लागल्यावर आणखी एक फरक दिसला. रकमेपेक्षा खातं तिच्या नावाचं होतं, हे महत्त्वाचं. कोणाला न विचारता स्वतःसाठी खर्च करणाऱ्या बाया मी पहिल्यांदा तेव्हा इतक्या संख्येनं पाहिल्या. या योजनांवर वाद घालणाऱ्यांनी घालावा. मी आमच्या दारातलं सांगते आहे.

सगळ्यात मोठी गुंतवणूक कोणती, असं कोणी विचारलं तर मी काउंटरवरून काढलेल्या मालाचं नाव घेईन. गोरं करणाऱ्या क्रीमवर पार्लरला मार्जिन चांगलं सुटतं. जाऊबाईंनी वहीवर हिशेब मांडला, वही मिटली आणि म्हणाल्या, “मागं पोरीले सांगायचं तू आहे तशी ठीक आहे, आन् पुढं तिलेच ट्यूब विकायची, हे मले जमत नाही.” तो माल बंद झाला. वर्षभर पार्लरचा गल्ला हलका होता.

पार्लरमधल्या क्रीमहून वाईट प्रकार औषधाच्या दुकानातून, चिठ्ठीशिवाय येतो. मोमेटासोन, हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन यांचं मिश्रण असलेली ट्यूब. त्यातलं मोमेटासोन हे स्टेरॉइड. पहिले काही आठवडे चेहरा उजळतो, मैत्रिणी विचारतात, बाई खूश. मग कातडी पातळ होते, उन्हात आग होते, गालावर लाल शिरा दिसतात, पुरळ येतं, लव वाढते. बंद केली की चेहरा आणखी भडकतो, म्हणून ती परत तीच ट्यूब आणते. २०१८ मध्ये सरकारनं स्टेरॉइडची मलमं शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. आमच्या भागातल्या एका दुकानदाराला मी हे दाखवलं तर तो म्हणाला, मॅडम, मी नाही दिली तर बाजूचा देईल. आम्ही बायांना एवढंच सांगतो की आपल्या मनानं एकदम बंद करू नका, आधी त्वचेच्या डॉक्टरांना ट्यूब दाखवा. आणि हो, या ट्यूबवर महिन्यामागून महिना जाणारा पैसा धरला तर आमचा क्लास महाग कधीच नव्हता. पण हे तोंडावर बोलून दाखवायचं नसतं.

आता दरांचं.

एका देणगीदार संस्थेनं आम्हाला वर्षभराचा खर्च देऊ केला होता. अटी दोन. लाभार्थी बायांच्या रेशनकार्डाच्या झेरॉक्स आणि त्यांचे ‘आधी’ आणि ‘नंतर’चे फोटो. फोटोची अट ऐकून जाऊबाई आधी हसल्या आणि मग चिडल्या. दिसण्यावरून ज्या बाईला आयुष्यभर ऐकावं लागलं, तिचा ‘आधी’चा फोटो काढून आम्ही अहवालात चिकटवायचा? झेरॉक्सचं मला जास्त लागलं. आत्मसन्मानाच्या क्लासमध्ये यायचं, तर दाराशीच आपण गरीब आहोत हे कागदानं सिद्ध करायचं. मग आत जाऊन शिकायचं काय? तो पैसा आम्ही घेतला नाही. तेव्हा तो मोठा आकडा होता, आजही आहे.

त्याऐवजी भिंतीवर तीन दर लिहिले : ४०, १०० आणि २०० रुपये, एका बैठकीचे. खाली लिहिलं, ‘झेपेल तो दर. आम्ही विचारणार नाही.’ बसायला सगळ्यांना तीच सतरंजी, वेळ तितकाच, चहा तोच. पैसे पाकिटात घालून स्टीलच्या डब्यात टाकायचे. पावती मागेल तिला पावती. जाऊबाईंचा अंदाज होता की सगळ्या ४० च टाकतील. तसं झालं नाही. शिक्षिका, नर्स, दुकानदारांच्या घरच्या बाया २०० टाकतात. ४० वाल्या बऱ्याच आहेत, आणि त्यांच्यासाठीच तर हा दर आहे.

पहिल्या गटात एक बाई बराच वेळ भिंतीकडे बघत उभी होती.

“कार्ड दाखवा लागते का?”

“नाही, मावशी.”

“मंग तुमाले कसं समजन, मी गरीब हाओ का नाई?”

“मला समजायची गरजच नाही.”

“मंग आता ४० टाकतो. कापसाचा चुकारा आला का १०० देईन. लिहून ठेवा.”

“आम्ही लिहून ठेवत नाही.”

“बरं. मंग मीच लिहून ठेवतो.”

आणि तिनं खरंच नातीच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं होतं, ते जानेवारीत आणून दाखवलं. आमच्याकडे पैसा हंगामानं येतो. जुलै-ऑगस्टला घरात खडकू नसतो, सोयाबीनची सोंगणी झाली की थोडा येतो, कापूस विकला की बरा येतो. महिन्याच्या हप्त्याची फी पगारदार माणसासाठी आहे. म्हणून ‘आता बसा, चुकाऱ्यावर द्या’ हा चौथा दर भिंतीवर नसला तरी चालतो. बुडीत किती जातं? जातं थोडं. पार्लरची उधारी त्याहून जास्त बुडते.

एका बचत गटानं ठराव केला होता की ज्या सभासदाला क्लास करायचा तिला अंतर्गत कर्ज देऊ. हेतू चांगला होता. मी हात जोडले. कर्ज काढून बाईनं शेळी घ्यावी, शिलाई मशीन घ्यावी, क्लाससाठी कर्ज नको. शेवटी गटानं आपल्या बैठकीला जोडून आम्हालाच बोलावलं आणि गटाच्या जमलेल्या दंडातून आमचा पेट्रोलचा खर्च दिला. तेव्हापासून तीच पद्धत पडली.

हे परवडतं कसं, तर गटामुळे. आठ-दहा बाया एकत्र बसल्या की ४० आणि २०० यांची सरासरी मारून एका बैठकीला पूर्वीच्या एका तासाच्या फीइतके किंवा थोडे जास्त पैसे जमतात. सहा बैठकांचा क्लास खालच्या दरानं २४० रुपयांत होतो. एकटीला वेळ हवा असेल तर तोही आहे, पण तो मुख्यतः पुण्या-नागपुरातल्या मुली व्हिडिओ कॉलवर घेतात, पूर्ण फी देऊन. त्यातल्या निम्म्या इथल्याच, नोकरीसाठी गेलेल्या. खोलीचं भाडं पार्लर भरतं. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असल्यानं जीएसटी नोंदणी करावी लागत नाही, म्हणजे फीवर १८ टक्के चढत नाहीत. कर्जाचं म्हणाल तर बँकेतल्या साहेबांनी विचारलं होतं, “पण मॅडम, तुमचं प्रॉडक्ट काय?” मुद्रा कर्ज मिळालं ते पार्लरच्या खुर्चीसाठी. खुर्ची दिसते.

गटामुळे पैसे वाचतात, पण बैठक माझ्या कागदावरच्या क्रमानं कधीच चालत नाही. पहिल्या दिवशी आम्ही प्रत्येकीच्या फोनमधला ब्युटी मोड बंद करतो. कित्येकींना तो चालू आहे हेच माहीत नसतं. मग आरशासमोर आपल्या शरीराचं वर्णन करायचं, निकाल द्यायचा नाही. ‘नाक बसकं, वाईट’ असं चालणार नाही; नाक कुठून सुरू होतं, कसं वळतं, ते सांगायचं. एकदा एक बाई हातांच्या विषयावर आली. वेचणीच्या दिवसांत बोंडांची टोकं टोचून नखांच्या कडा फाटलेल्या असतात. ती म्हणाली, हे हात लग्नात वर काढायची लाज वाटते. शेजारणीनं विचारलं, किती वेचला काल? झालं. चर्चा किलोच्या भावावर गेली, कोण किती देतो, कोणाचा काटा मारतो, आणि अर्धी बैठक त्यात संपली. मी थांबवलं नाही. आपल्या कष्टाची किंमत कमी धरली जाते हा राग आणि आपण दिसायला कमी आहोत ही भावना, या दोन्हींची मुळं मला वेगळी वाटत नाहीत.

शेवटच्या बैठकीत उत्तरांचा सराव असतो. लग्नात, हळदी-कुंकवात कोणीतरी म्हणणारच, “किती फुगली वो तू!” मी सभ्य उत्तरं लिहून आणते. बायांची उत्तरं जास्त चालतात. “हो ना, तुमच्याच पंगतीत जेवून राहिली.”

बंजाऱ्यांच्या तांड्यांवर आणि कोलाम आदिवासींच्या पोडांवर, म्हणजे वस्त्यांवर, माझी मराठी फार पुरत नाही. आधीच्या गटांतल्या दोघी आता मानधनावर सहायिका आहेत. त्यातली एक तांड्यावरची, ती गोरमाटीतून, म्हणजे बंजारा बोलीतून, पूर्ण बैठक घेते. तिथल्या मुली गोंदण काढायला लेझर किती लागतो ते विचारतात आणि त्यांच्या आज्या बाजूला बसून ऐकतात. तिथं मी नसलेलीच बरी. जायला-यायला माझा जो दिवस मोडायचा तो वाचतो, म्हणून तिकडे ४० चा दर टिकवता येतो.

काही गोष्टी आमच्या कक्षेबाहेरच्या आहेत आणि त्या स्पष्ट सांगाव्या लागतात. ‘काडी’ म्हणून चिडवल्या जाणाऱ्या मुलीला आत्मविश्वासाचे धडे देण्याआधी तिचं रक्त तपासायला हवं. विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. २०२३ मध्ये केंद्राचं सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं, आणि सरकारी दवाखान्यात तपासणी होते. हनुवटीवर केस आणि पाळी अनियमित असेल तर पीसीओएस (हार्मोन बिघडल्यानं होणारा त्रास) आहे का ते बघायला स्त्रीरोगतज्ज्ञ. जेवण सोडलेली, आरशापासून हलूच न शकणारी किंवा जगून काय करू म्हणणारी मुलगी क्लासची नाही, डॉक्टरांची आहे. तिच्या घरच्यांसोबत आम्ही यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या मनोविकार विभागात पाठवतो. आमच्या दारामागे टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर लिहिला आहे. फोन फुकट लागतो, मराठीत बोलता येतं. आपल्या देशात ‘कोच’ कोणीही होऊ शकतो, त्याला नोंदणी लागत नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला भारतीय पुनर्वास परिषदेची लागते. माझ्याकडे ती नाही, हे पहिल्याच बैठकीत सांगते. स्वस्तात अर्धवट उपचार देणं ही सोय नव्हे.

या वर्षी २०० चा दर २५० केला आहे. ४० आणि १०० तसेच आहेत. सोंगणी आणि वेचणीच्या धामधुमीत क्लास बंद असतो, तेव्हा कोणी येतही नाही. नवीन गट संक्रांतीनंतर, लग्नसराईच्या आधी बसेल. मुलांसाठीही काही सुरू करा, असं दोन शाळांनी म्हटलं आहे. उंची, दंड आणि केस गळणं यांवरून त्यांनाही कमी ऐकावं लागत नाही. पण ते पार्लरच्या दारातून येणार नाहीत. जाऊबाई म्हणतात, कटिंगच्या दुकानवाल्याशी बोलू. बोलणं चालू आहे.