गजबजलेल्या बागेतली नऊ होल

डिस्क गोल्फमध्ये डिस्क, म्हणजे चकती, फेकत फेकत साखळ्यांच्या बास्केटमध्ये टाकायची असते. नवख्यांच्या कोर्सवर आम्ही फक्त एक पटर (जवळच्या फेकीची डिस्क) आणि एक मिडरेंज (मध्यम अंतराची) घेऊन उतरतो. ड्रायव्हर, म्हणजे लांब फेकीची डिस्क, मुद्दाम नेत नाही. होल (सुरुवातीच्या जागेपासून बास्केटपर्यंतचा टप्पा) बहुतेक ५० ते ७५ मीटरची असतात आणि ड्रायव्हरला लागणारा वेग नवख्या हातात नसतो. वेग कमी पडला की ती डिस्क लवकर डावीकडे कोसळते, आणि गर्दीच्या बागेत डावीकडे कुणीतरी असतंच.

पहिल्या टीवर, म्हणजे पहिली फेक करायच्या जागी, आधी पाटी पाहायची: अंतर, पार (होल किती थ्रोंत संपणं अपेक्षित आहे तो आकडा), बास्केटची दिशा. मग माणसं. उजव्या हाताने बॅकहँड फेकलेली डिस्क वरून पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते आणि वेग ओसरला की डावीकडे वळते. म्हणून समोरचा पट्टा मोकळा दिसला तरी पुरत नाही, डावीकडची पायवाटही रिकामी हवी. बाबागाडी, कुत्रा, धावणारं मूल दिसलं की थांबायचं. बागेत पहिला हक्क चालणाऱ्यांचा. चुकून डिस्क कुणाच्या दिशेने गेलीच तर लगेच मोठ्याने 'फोर!' ओरडायचं.

दुसऱ्या होलवर सगळ्यांची तीच चूक दिसते. डिस्क वर चढते, पोट दाखवत हवेत थबकते आणि डावीकडे घसरत खाली येते. सुटताना तिची पुढची कड वर उचललेली असते, म्हणून असं होतं. जोर लावून हे सुधारत नाही, उलट बिघडतं. अंगठा वर सपाट ठेवा, मनगट किंचित खाली झुकवा आणि डिस्क छातीच्या उंचीवर सरळ रेषेत ओढा. निम्म्या जोरातली सपाट फेक लांब जाते. हे एकदा हाताला कळलं की खेळ बदलतो.

तळ्याकाठी वारा समोरून येतो. तिथे डिस्क उचलली जाते आणि उजवीकडे कलंडते, म्हणून फेक कमी उंचीवर ठेवायची. पाणी हद्दीबाहेर धरलेलं असेल तर एक दंड थ्रो. डिस्कच्या खाली नाव आणि फोन नंबर लिहून ठेवावा. झुडपात हरवली तर नियमाने शोधायला तीनच मिनिटं मिळतात.

पुढचा थ्रो कुठून? पडलेल्या डिस्कला चिकटवून, बास्केटच्या बाजूला मिनी (खुणेची छोटी डिस्क) ठेवायची, मग डिस्क उचलायची आणि मिनीच्या लगेच मागे पाय टेकायचा. बास्केटपासून दूर असलेला आधी फेकतो, बाकीचे त्याच्या मागे उभे राहतात.

१० मीटरच्या आत पट (बास्केटमध्ये टाकायची जवळची फेक) करताना तोल सावरल्याशिवाय पुढे पाऊल टाकायचं नाही. नजर एका साखळीवर, डिस्क सपाट. फार जोरात मारली तर साखळ्यांतून उसळून बाहेर पडते. आणि बास्केटच्या माथ्यावर जाऊन बसली तर होल पूर्ण झालं नाही. तिथून खाली घेऊन आणखी एक थ्रो.