पू झालेली अक्कलदाढ आणि न चढलेली भूल

खालची अक्कलदाढ काढण्यासाठी मी पहिल्यांदा गेलो, तेव्हा हिरडी सुजून आत पू झाला होता. डॉक्टरांनी २ टक्के लिग्नोकेनचे (जागा बधिर करणाऱ्या औषधाचे) एक इंजेक्शन जबड्याच्या मुख्य चेतेजवळ आणि दुसरे दाढेलगत दिले. ओठ जड झाला, पण दाढेला हत्यार लागताच कळ थेट कानापर्यंत गेली. ‘‘आज नको, आधी पू उतरू द्या,’’ असे म्हणून त्यांनी ५ दिवसांच्या अँटिबायोटिक गोळ्या लिहून दिल्या. आपणच घाबरट आहोत, असे मला त्या रात्री वाटत राहिले. ते खरे नव्हते.

वेदनेचा संदेश चेतातंतूतून विजेच्या रूपाने जातो. तंतूची आतली बाजू बाहेरच्या तुलनेत सुमारे ७० मिलिव्होल्टने ऋण असते. कळ उठली की तंतूच्या पटलातील, म्हणजे पातळ आवरणातील, सोडियमच्या वाहिन्या उघडतात, सोडियम आत शिरतो, भार क्षणभर उलटतो आणि ही उलथापालथ तंतूभर पुढे सरकते. लिग्नोकेन या वाहिन्या आतल्या बाजूने बंद करते, पण पटल स्निग्ध असल्यामुळे विद्युतभार नसलेले रेणूच ते सहज ओलांडू शकतात. निरोगी ऊतीत असे रेणू साधारण पाव हिस्सा असतात. पू झालेल्या जागी आम्लता वाढते, हा हिस्सा बराच घटतो आणि बरेचसे औषध तंतूबाहेरच राहते. अर्थात ओठ बधिर होऊनही दाढ जागी का राहिली, याचे उत्तर एकट्या आम्लतेत नाही, कारण दाहामुळे त्या दाढेचे तंतूही अधिक उत्तेजित झालेले असतात. मला हे कोणी त्याच दिवशी समजावले असते, तर त्या ५ रात्री सोप्या गेल्या असत्या.

पुढच्या खेपेस सूज उतरली होती. औषध तेच होते, मात्राही तीच होती. ‘‘दाबल्यासारखे वाटेल, दुखणार नाही, दुखले तर हात वर करा,’’ असे डॉक्टरांनी सांगितले आणि नेमके तसेच झाले, कारण दाबाची जाणीव नेणारे जाड तंतू वेदनेच्या बारीक तंतूंपेक्षा उशिरा बधिर होतात. औषधात मिसळलेले ॲड्रेनॅलिन रक्तवाहिन्या आकसवून औषधाला जागेवर धरून ठेवते. त्यामुळे ओठाला मुंग्या येऊ लागल्या त्या तीन तासांनी, आणि तोवर मी चहासुद्धा घेतला नाही.